खिशातली कात्री

वॉर्डात आरडाओरडा झाला की बरोब्बरबाईंना बरं वाटायचं. कुणी ताट फेकलं, कुणी शिव्यांची लाखोली वाहिली, कुणी दारावर लाथा घातल्या, की त्या चष्मा सारखा करून शांतपणे त्या दिशेला निघायच्या. जी ओरडते आहे ती जिवंत आहे, इतकं साधं गणित. त्यांची पाचावर धारण बसायची ती शांततेने. दुपारी एकच्या सुमाराला, औषधं देऊन झाल्यावर, बाराच्या बारा खाटा एकदम गप्प झाल्या की त्यांच्या पोटात गोळा यायचा. मग काहीतरी निमित्त काढून त्या एक चक्कर मारून यायच्या. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली तरी तो गोळा काही गेला नव्हता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. तो बिचारा समजत होता की आपली बायको कशालाच घाबरत नाही, आणि त्या समजुतीपायी घरात बराच नरमाईने वागायचा.

बरोब्बरबाई हे नाव पेशंटांनी ठेवलेलं. बाकीच्या सिस्टर "थोड्या वेळाने येते", "आलेच हं", "बघू या" असं जगासारखं बोलत. ह्या म्हणायच्या, "अकरा वाजून दहा मिनिटांनी येते," आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी खाटेशी उभ्या. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. कुणीतरी चेष्टेने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे पुढे मोठे डॉक्टरही त्यांची पाठ वळली की तेच म्हणायला लागले.

ह्या बरोब्बरपणाला कारण होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका वॉर्डात, एक ग्रंथपाल दाखल होता. वयाने मोठा, बोलायला गोड. एका दुपारी तो म्हणाला, सिस्टर, जरा बसता का. ह्या म्हणाल्या, आत्ता येते. तेवढ्यात नवा पेशंट आला, कागदपत्रं झाली, आणि परत यायला चाळीस मिनिटं लागली. खोली शांत होती. त्याला वाचवता आलं नाही. चौकशी झाली, तीत ह्यांचा काडीचाही दोष निघाला नाही. त्यांनी चौकशीचा कागद वाचला, घडी घालून परत दिला, आणि त्या दिवसापासून "आत्ता" हा शब्द तोंडातून काढला नाही.

आताचा हा वॉर्ड बायकांचा, आणि व्यक्तिमत्त्व विकारांचा. हे नाव ऐकून लोक घाबरतात किंवा नाक मुरडतात, दोन्ही फुकटच. इथे येणाऱ्या बायका वेड्या नसतात. चांगलं बोलतात, चांगलं हसतात, तुमच्या साडीचा रंग बरा आहे की नाही हेही सांगतात, आणि म्हणूनच बाहेरचे लोक त्यांना नाटकी म्हणून मोकळे होतात. भाजलेल्या कातडीला जसा नुसता वाराही सोसत नाही तसं त्यांच्या मनाचं असतं. आपल्या माणसाने दोन तास फोन उचलला नाही तर आपण चिडतो. ह्यांना वाटतं, झालं, टाकलं आपल्याला. आणि मग त्या स्वतःला काहीतरी करून घेतात. सकाळी एक सिस्टर देवी असते आणि दुसरी राक्षसीण, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत दोघींची अदलाबदल झालेली असते.

म्हणून बाईंनी आपल्या हाताखालच्या मुलींना तीन गोष्टी घोटून घोटून शिकवल्या होत्या. पहिली, पेशंटबरोबर गुपित नाही. "इथे दोघींमधलं असं काही नसतं. जे असतं ते सगळ्यांसमोर टेबलावर." दुसरी, पेशंट एका सिस्टरविरुद्ध दुसरीला काही सांगायला लागली तर लगेच पाघळायचं नाही, ती आपल्यात फूट पाडते आहे, असं आधी समजायचं. आणि तिसरी, बाईंच्या सुट्टीच्या दिवशी त्यांना फोन करायचा नाही. कुणी कितीही आकांत केला तरी नाही. एकदा का कळलं की आकांत केला की बरोब्बरबाई घरून येतात, तर त्यांना एक रविवार लाभायचा नाही, आणि ज्यांचं बरं व्हायचं त्यांचंही व्हायचं नाही.

तिन्ही गोष्टी चोख होत्या. ह्याच तिन्ही गोष्टींनी पुढे घात केला.

बटण आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. एका कपड्यांच्या दुकानात ती काज-बटणं करायची. दुकानमालक तिला बटण म्हणायचा आणि तिला ते आवडायचं, म्हणून वॉर्डातही बटणच. अंगाने चिमूटभर, डोळे मोठे, दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुन्या रेघा. सात वर्षांची असताना आईने तिला मावशीकडे सोडलं होतं. दोन दिवसांनी येते, म्हणाली होती. ती सोळा वर्षं झाली आलेली नाही. बटण हे सांगताना हसायची, आणि ते हसणं बाईंना अजिबात आवडायचं नाही.

पहिले चार महिने तिने सगळ्यांना सळो की पळो करून सोडलं. धाकट्या सिस्टर, म्हणजे बाईंच्या हाताखालच्या, दोन वर्षांपूर्वी लागलेल्या एक सिस्टर, त्यांना तिने तीनदा रडवलं. खोटं बोलायची तेही असं की खरं वाटावं. बाई तिच्याकडे रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी जायच्या, स्टुलावर दहा मिनिटं बसायच्या आणि आठ-वीसला उठायच्या. सुरुवातीला ती भिंतीकडे तोंड करून पडायची. मग एक दिवस आठ-दहाला ती उठून बसलेली दिसली, केस विंचरून. त्या दिवशी बाई घरी जाताना गुणगुणत गेल्या.

पाचव्या महिन्यात तिला शिवणखोलीत पाठवायचं ठरलं. त्यासाठी मोठ्या डॉक्टरांनी करार लिहून घेतला: शिवणखोलीतली वस्तू वॉर्डात आणायची किंवा लपवायची नाही. आणली तर उपचार महिनाभर बंद आणि घरी. बटणने सही केली, खाली एक बटणाचं चित्रही काढलं.

शिवणखोलीत कपाटाच्या आत एक फळी होती आणि तिच्यावर नऊ कात्र्या टांगलेल्या. प्रत्येकीच्या मागे काळ्या रंगाने तिची आकृती रंगवलेली. कात्री जागेवर नसली की ती काळी आकृती उघडी पडायची. शिवण शिकवणाऱ्या मास्तरांनी रोज कुलूप लावताना फळी बघून सही करायची, आणि दर सोमवारी नऊ वाजता बाईंनी स्वतः मोजायचं, अशी पद्धत होती. त्या शुक्रवारी मास्तरांची बस चुकत होती. त्यांनी फळीकडे न बघता सही ठोकली आणि धूम ठोकली.

शनिवारी दुपारी दोनला पाच मिनिटं कमी असताना बटणने बाईंना चादरींच्या कपाटाआड बोलावलं आणि मूठ उघडली. दोरे कापायची, बोटाएवढी, लाल मुठीची कात्री.

"कधीपासून आहे ही?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांनी सरळ ठेवला.

"काल दुपारपासून. रात्रभर उशीखाली होती." बटणने दोन्ही बाह्या वर सारल्या. "बघा. काही केलं नाही मी. एक पण नाही. पाच वाजेपर्यंत जागी होते, पण नाही केलं."

बाईंनी हात पाहिले. जुन्या रेघांमध्ये नवी एकही नव्हती.

"मला वाटलं तुम्हाला द्यावी," बटण म्हणाली. "तुम्हालाच. पण कुणाला सांगू नका ना बाई. डॉक्टर तो कागद काढतील. घरी पाठवतील मला. मी कुठे जाऊ?"

इथे बाईंनी म्हणायला हवं होतं, चल, दोघी टेबलापाशी जाऊ आणि सगळ्यांसमोर ठेवू. इतकी वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या. हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलंही. पण समोर ते उघडे हात होते. चार महिने दगडावर डोकं आपटल्यावर आज ह्या मुलीने आपणहून काहीतरी दिलं होतं, आणि दिल्याबद्दल तिला हाकलायचं? आणि खरं सांगायचं तर, "तुम्हालाच" ह्या शब्दाने बाई विरघळल्या. माणूस आहे, विरघळतो. त्यांनी कात्री एप्रनच्या खिशात टाकली आणि जे कधी म्हणत नसत ते म्हणाल्या.

"बघते मी."

"कधी?" बटणने लगेच विचारलं.

"सोमवारी आठ-दहाला. काळजी करू नकोस."

सोमवारी पावणेआठला यायचं, मोजणीच्या आधी कात्री फळीवर लावायची, मग सवडीने डॉक्टरांच्या कानावर घालायचं, असा बेत होता. टेबलापाशी धाकट्या सिस्टर कामाचा ताबा घ्यायला उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगत होत्या, उद्या, सगळं, निवांत, असे शब्द येत होते. बाई हं हं करत होत्या. त्यांचा हात खिशात होता आणि मुठीत कात्री होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ताबा देताना समोरच्याचं बोलणं ऐकलं नाही.

रविवारी घरी धुणं नवऱ्याकडे असायचं. तो एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आणि कपडे धुवायला टाकण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघायची त्याला शिस्त होती. पेनाच्या शाईने त्याचे दोन सदरे गेले होते, ते तो अजून विसरला नव्हता.

"अगं, ही कुणाची?" त्याने न्हाणीघराच्या दारातून कात्री वर धरली. "चोरी करायची तर जरा घसघशीत तरी करायचीस."

बाई भाजी निवडत होत्या. "वॉर्डातली आहे. ठेवा तिकडे. उद्या लावते जागेवर."

"तुमच्याकडे मोजतात ना ह्या? कमी नाही का भरणार?"

"मोजणी सोमवारी असते. मीच करते," बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा हात थांबला. काल टेबलापाशी न ऐकलेलं वाक्य त्यांना आता, एका दिवसाने, शब्दन् शब्द ऐकू आलं. उद्या रविवार आहे, वॉर्ड शांत असतो, तर शिवणखोलीची मोजणी मीच उरकून ठेवते सिस्टर, तुम्ही सोमवारी निवांत या.

घड्याळात दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

त्यांनी वॉर्डाचा फोन लावला. व्यस्त. रविवारी दहा ते बारा नातेवाइकांचे फोन यायचे, म्हणजे तो व्यस्तच असणार. सिस्टरचे स्वतःचे फोन बाहेर कपाटात कुलूपबंद, हाही बाईंचाच नियम. परत लावला. व्यस्त. सात वेळा लावला. सातव्या वेळेपर्यंत त्यांची बोटं आकड्यांवरून घसरायला लागली होती.

"अहो, स्कूटर काढा," त्या म्हणाल्या. नवऱ्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा विनोद गिळून टाकला. इतक्या वर्षांत त्याने हा चेहरा पाहिला नव्हता. ओल्या हातांनीच तो किल्ली शोधायला लागला.

रस्त्याला पंचवीस मिनिटं लागतात. त्या पंचवीस मिनिटांत काय काय झालं असेल ते बाईंना मागच्या सीटवर बसून एकेक पायरी दिसत होतं, आणि तीच भीतीची गोष्ट होती, की अंदाज करावा लागतच नव्हता. फळीवर एक काळी आकृती उघडी पडली असेल. बटणला विचारलं असेल. बटण खरं सांगेल. म्हणेल, मी बरोब्बरबाईंना दिली. आणि तिच्यावर कोण विश्वास ठेवील? खोटं बोलण्यात तिचा हात धरणारं वॉर्डात कुणी नव्हतं. आणि बरोब्बरबाई गुपित ठेवतील, ही गोष्ट मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हती. बाईंनी अठ्ठावीस वर्षांत जे नाव मिळवलं होतं, त्या नावानेच त्या पोरीचं खरं आज खोटं पडणार होतं. आणि त्यांना कुणी फोन करून विचारणारही नव्हतं. करायचा नाही, असं त्यांनीच शिकवलं होतं.

सिग्नलला स्कूटर थांबली. नव्वद सेकंद. शेजारच्या गाडीत एक लहान मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून त्यांच्याकडे बघत होती. बाईंना ग्रंथपाल आठवला. तो त्यांना रोजच आठवायचा, पण आज त्याच्या खोलीचं दार आठवलं, बंद असलेलं, आणि दाराच्या ह्या बाजूला आपण.

"लवकर," त्या म्हणाल्या.

"लाल आहे गं."

"लवकर चला हो." आणि त्यांनी नवऱ्याचा सदरा पाठीमागून मुठीत घट्ट धरला.

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "आज तुमची सुट्टी ना बाई?" बाई थांबल्या नाहीत. वॉर्डाला दोन दारं होती. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. दोन दारांमधल्या त्या चिंचोळ्या जागेत त्या उभ्या राहिल्या आणि काचेतून आत बघितलं. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खाटांच्या खोल्या, आणि चिटपाखरू नाही. कुणी ओरडत नव्हतं. कुणी दार वाजवत नव्हतं. टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर नुसता बाजूला काढून ठेवला होता. बाईंनी भिंतीला हात टेकला, आणि दुसरं दार उघडायची वाट बघत त्या आकडे मोजत राहिल्या, एक, दोन, तीन, चार.

बाकीच्या पेशंटांना जेवणाच्या खोलीत नेऊन बसवलं होतं. न्हाणीघराच्या बंद दाराशी धाकट्या सिस्टर जमिनीवर बसल्या होत्या. हातात बाहेरून दार उघडायची किल्ली, तोंड पांढरंफटक. बाईंना बघून त्यांना आधी रडूच फुटलं, मग त्यांनी ते शिकवल्याप्रमाणे गिळलं.

"आम्ही फोन नव्हता हो केला तुम्हाला," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. जणू तोच गुन्हा.

"काय झालं ते सांगा."

"साडेनऊला मोजलं, एक कात्री कमी. तिला विचारलं. म्हणाली, काल तुम्हाला दिली. मी म्हटलं, सिस्टर असं कधीच करणार नाहीत. परत विचारलं, परत तेच. तिची खाट उलटी केली, अंगझडती घेतली, काही नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर हसली. आणि माझा हात झटकून आत गेली." त्यांनी दाराकडे पाहिलं. "अर्धा तास झाला. दार उघडलंत तर करेन, म्हणाली. कात्री तिने आतच कुठेतरी लपवली असणार सिस्टर. म्हणून उघडलं नाही. डॉक्टर निघालेत. गेली दहा मिनिटं ती काही बोलत नाहीये."

बाईंनी पर्समधून, निघताना आत टाकलेली लाल मुठीची कात्री काढली आणि धाकट्या सिस्टरच्या हातावर ठेवली.

धाकट्या सिस्टर त्या कात्रीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना परवडल्या असत्या.

बाई दाराजवळ गेल्या. किल्ली हातात घेतली. आतून काही हालचाल नाही, पाण्याचा आवाज नाही, श्वास नाही.

"बटण," त्या म्हणाल्या. "मी आलेय. मी दार उघडणार आहे, पण त्याआधी एक सांगते. कात्री माझ्याकडे होती. तू खरं बोललीस. मी लपवली."

काही नाही. बाईंनी किल्ली भोकात घातली. ती दोनदा निसटली.

"मोठ्याने." आतून आवाज आला. घोगरा, जवळून, दाराला टेकून बसल्यासारखा.

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "कात्री माझ्याकडे होती," त्या मोठ्याने म्हणाल्या. "तू खरं बोललीस."

"मला नाही. त्यांना सांगा."

जेवणाच्या खोलीच्या दारात एव्हाना बायका येऊन उभ्या होत्या. झाडूवाली होती. मदतनीस होती. नुकतेच आलेले मोठे डॉक्टर बोळाच्या टोकाला धापा टाकत उभे होते. बाई त्यांच्याकडे वळल्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा आवाज ह्या बोळात एवढा चढला नव्हता.

"बटणने काल दुपारी दोनला पाच कमी असताना कात्री आपणहून माझ्या हातात दिली. मी ती कुणाला न सांगता घरी नेली. ती खोटं बोललेली नाही. चूक माझी आहे."

"परत," दारामागून आवाज आला.

त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा आवाज फाटला, आणि त्याच वेळी आतली कडी वाजली.

बटण फरशीवर बसली होती. दोन्ही हात नखांनी ओरबाडून लाल झाले होते. बाजूला टॉवेलची एक लांब पट्टी फाडून ठेवलेली होती. बाईंनी ती पट्टी पाहिली, पायाने मागे सारली, आणि खाली बसल्या. अजून पाच मिनिटं गेली असती तर, हा विचार त्यांनी त्या वेळी केला नाही. तो त्यांनी नंतर वर्षभर केला.

बटणने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही सोमवारी येणार होतात," एवढंच म्हणाली. जखमा धुवायला तिने हात पुढे केला, पण धाकट्या सिस्टरपुढे.

सोमवारच्या बैठकीत बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद वाचून दाखवला. वेळा सगळ्या बरोब्बर लिहिल्या होत्या. मास्तरांनी फळी न बघता सही केली होती, तेही त्यांनी आपणहून कबूल केलं. डॉक्टर बराच वेळ चष्म्याची काडी चावत बसले. करार पाळायचा तर बटणला घरी पाठवायला हवं, असं एक मत निघालं. तेव्हा धाकट्या सिस्टर, ज्या बैठकीत एरवी ब्र काढत नसत, म्हणाल्या, "करारात लपवण्याबद्दल लिहिलंय. तिने एक रात्र लपवली, आमच्यातल्या एकीने एक दिवस लपवली. पाठवायचं तर दोघींना पाठवा." कुणी हसलं नाही. बटण राहिली. बाईंच्या नोकरीच्या फायलीत एक ताकीद लागली, पहिली आणि शेवटची. आणि ठरलं की यापुढे बटणपाशी बाई एकट्या बसणार नाहीत. बरोबर धाकट्या सिस्टर असतील.

तीन आठवडे बटण त्यांच्याशी बोलली नाही. आठ-दहाला दोघी जायच्या. ती धाकट्या सिस्टरशी गप्पा मारायची, भरभरून, मुद्दाम, आणि बाईंच्या स्टुलाकडे पाठ करायची. बाई आठ-वीसपर्यंत बसायच्या आणि उठायच्या. रागाचं त्यांना काही वाटायचं नाही. भीती वाटायची. ही पाठ त्यांनी पूर्वी पाहिली होती, चार महिने. पण तेव्हा त्यांच्या पदरी काही चूक नव्हती, म्हणून ती सोसता आली होती. आता रोज दुपारी वॉर्ड गप्प झाला की त्या उठायच्या आणि बटणच्या नऊ नंबरच्या खाटेवर चादर वर-खाली होते आहे ना, हे लांबून बघून यायच्या. घरी जेवताना मध्येच त्यांचा हात कमरेशी, एप्रनचा खिसा असतो तिथे जायचा. नवरा बघायचा आणि पाण्याचा तांब्या उगीच पुढे सरकवायचा.

चौथ्या आठवड्यातल्या एका दिवशी, दुपारी दोनला, त्या ताबा देऊन निघाल्या तर बटण टेबलाशी उभी. सगळा वॉर्ड दुपारच्या चहासाठी जमलेला.

"थांबा," ती म्हणाली.

बाई थांबल्या.

"खिसे दाखवा."

मदतनीस पुढे झाली, अगं बटण, असं म्हणायला लागली. बाईंनी तिला हाताने थांबवलं. मग त्यांनी एप्रनचे दोन्ही खिसे बाहेर ओढले आणि एकेक वस्तू टेबलावर ठेवली. पेन. रुमाल. छोटी बॅटरी. दोन पेपरमिंटच्या गोळ्या. नवऱ्याने दिलेली, धुण्याच्या साबणाची चिठ्ठी. पर्स उघडली, तीही उलटी केली. त्यांचे कान तापले होते आणि बायका श्वास रोखून बघत होत्या. बटणने सगळं बोटाने बाजूला करून पाहिलं, चिठ्ठीसुद्धा वाचली. खिशांचं उलटं अस्तर चिमटीत धरून शिवण तपासली. एका ठिकाणी टाका सुटला होता, तिथे तिचं बोट जरा थांबलं.

दुसऱ्या दिवशी दोनला ती तिथेच होती. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाईंनी न सांगता खिसे उलटे केले, आणि त्यांच्या शेजारी धाकट्या सिस्टरनीही केले. महिन्याभरात ती वॉर्डाची पद्धतच होऊन बसली, आजही आहे.

त्या चौथ्या दिवशी बटणने वस्तू पाहिल्या, एकेक करून बाईंच्या पर्समध्ये परत भरल्या आणि चेन लावली. पर्स त्यांच्या हातात देताना तिने पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"या आता," ती म्हणाली. "उद्या आठ-दहा."